अंगठ्याचा अंदाज

टायमिंग बेल्ट बदलायला साडेचार तास लागतात. त्यातले चार तास खोलण्यात आणि परत बसवण्यात जातात. बेल्टचं स्वतःचं काम अर्ध्या तासाचं. कुठल्याही गॅरेजात गिऱ्हाईक साडेचार तासांचे पैसे देतं आणि बाकावर बसून जुनी मासिकं चाळतं. टायरच्या दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या काकांनी एकोणीस वर्षांपूर्वी ठरवलं, की आपण अर्ध्या तासाचेच घ्यायचे. उरलेले चार तास गिऱ्हाइकाने स्वतः राबायचं.

तेव्हापासून या शेडमध्ये मजेशीर दृश्यं दिसतात. इस्त्रीच्या पँटवर जुनी चादर गुंडाळून गाडीखाली पडलेला विमा एजंट. नाकाला ग्रीस लागलेल्या संगीतशिक्षिका. आसपासच्या मेकॅनिकांनी काकांचं नाव ‘अर्धीमजुरी’ ठेवलंय. "अर्धीमजुरीकडे गाडी नेतोयस? मग जेवणाचा डबा आणि बायकोची परवानगी घेऊन जा," असं ते गिऱ्हाइकांना सांगतात. काकांना या नावाचा राग नाही. आपण नेमकं काय विकतो, ते या नावात बरोबर आलंय असं त्यांचं म्हणणं.

त्याआधी सोळा वर्षं ते एका मोठ्या गॅरेजात होते. तिथे एकदा भूगोलाचे एक शिक्षक बंद पडलेली गाडी ओढून घेऊन आले. बेल्ट तुटला होता. हा बेल्ट म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागाची फिरण्याची वेळ जुळवून ठेवणारा दातेरी रबरी पट्टा. तो कुरकुरत नाही, धूर काढत नाही, दिवा लावत नाही. तुटायच्या क्षणापर्यंत गप्प असतो. तुटला, की इंजिनाचे आतले भाग एकमेकांवर आदळतात आणि बेल्टच्या दहापट खर्च समोर येतो. शिक्षकांनी आकडा ऐकला, चष्मा पुसला आणि विचारलं, "मी स्वतः खोललं तर यातले किती कमी होतील?" गॅरेजातले सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि उत्तर ऐकून त्यांनाच धक्का बसला. ती गाडी त्यांनी आणि शिक्षकांनी मिळून तीन रविवारांत उभी केली. चौथ्या महिन्यात काकांनी नोकरी सोडली.

आज वय एकसष्ट. शेडमध्ये दोन गाड्या मावतात. पुढच्या बाजूला एक टेबल, त्यामागे काकू. सुटे भाग आणायचं काम काकूंकडे आहे, कारण सुट्या भागांचा दुकानदार काकांना घाबरत नाही, काकूंना घाबरतो. भिंतीवर पुठ्ठ्यांची चळत टांगलेली असते. प्रत्येक पुठ्ठ्यावर एकेका इंजिनाचं चित्र, आणि जिथे बोल्ट तिथे भोक. गिऱ्हाइकाने बोल्ट सोडवला, की तो पुठ्ठ्यावरच्या त्याच भोकात खोचायचा. परत बसवताना चुकायला जागाच राहत नाही. "देवाने माणसाबरोबर असा एक पुठ्ठा दिला असता तर डॉक्टर स्वस्त झाले असते," असं काका म्हणतात.

ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी एक नर्स त्यांच्याकडे आली. ही घरोघरी जाऊन रुग्ण बघणारी. जखमांच्या पट्ट्या बदलणं, इंजेक्शनं, म्हाताऱ्यांना धरून चालवणं. निळी छोटी गाडी, बारा वर्षांची. दिवसाला अकरा घरं, त्यातली चार अशा वस्तीत की तिथे बस जात नाही. तिच्या हातात मोठ्या गॅरेजने दिलेला खर्चाचा कागद होता. त्यावरचा आकडा तिच्या दीड महिन्याच्या पगाराएवढा होता.

काकांनी पेन्सिल घेतली आणि कागद टेबलावर पसरला.

"हवेची गाळणी. कधी बदललीत?"

"मागच्या महिन्यात."

रेघ. "बाहेरचा बेल्ट. हा मी आत्ताच पाहिला, चांगला आहे. अजून दोन वर्षं जाईल." रेघ. "इंजिन धुणं. का? लग्नाला जायचंय तिला?" रेघ. "पाण्याचा पंप. हा राहू द्या."

"पण पंप गळत नाहीये, काका."

"नाही गळत. पण तो याच बेल्टवर फिरतो. सहा महिन्यांनी गळला, तर हे सगळं पुन्हा खोलावं लागेल. एकदा पोट उघडलंच आहे तर..."

"अपेंडिक्सही काढून टाकायचं," सिस्टर म्हणाली.

"तुम्हाला समजावायला वेळ लागणार नाही," काका खूश होऊन म्हणाले. "आणि बेल्ट नि त्याला ताणणारी पुली, या दोन्हींत स्वस्त बघायचं नाही. पैसे मजुरीत वाचवू, रबरात नाही. शनिवारी सकाळी आठला या. जुने कपडे घालून."

"कामाला किती माणसं असतील?"

"तुम्ही," काका म्हणाले.

शनिवारी ती आठला पाच मिनिटं असताना आली, आणि पहिल्यांदा तिने काय केलं तर हातमोजे घातले.

"सिस्टर, इंजिनाला जंतुसंसर्ग होत नाही."

"मला होतो."

तिचे हात या कामाचे नव्हते, पण कामाला सरावलेले होते. चाक निघालं, खालचं प्लास्टिकचं आवरण निघालं, बोल्ट एकेक करून पुठ्ठ्यावर जाऊन बसले. एक बोल्ट फार घट्ट असतो, खालच्या मोठ्या पुलीचा. त्याला काका चार फुटी लोखंडी नळी लावतात. सिस्टर त्या नळीला जवळजवळ लोंबकळली. कडाड असा आवाज झाला.

"मोडलं?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

"सुटलं," काका म्हणाले. "आमच्याकडे दोन्हींचा आवाज सारखाच असतो. म्हणून लोक मेकॅनिकवर विश्वास ठेवत नाहीत."

अकराच्या सुमाराला वरचं झाकण निघालं आणि बेल्ट दिसला. काळा, बोटभर रुंद, कडेला बारीक चिरा पडलेला. इथे काकांचा एक नियम आहे. जुना बेल्ट सोडवण्याआधी गिऱ्हाइकाने तो स्वतः चिमटीत धरून पिळून बघायचा, आणि नवा बसवल्यावर तसाच पुन्हा. आपण पैसे कशाचे दिले हे हाताला कळलं पाहिजे, असं त्यामागचं कारण.

"अंगठा आणि पहिलं बोट. दोन दातेरी चाकांच्या मधे, सगळ्यात लांब जागी धरा. आता वळवा. किती वळतो?"

सिस्टरने वळवला. "पाव फेरा. त्याच्यापुढे अडतोय."

"ज्याने कुणी बसवला त्याने बरोबर बसवला होता. चिरला आहे, पण ताण अजून धरून आहे. पाव फेरा, बस. त्याहून कमी वळला तर फार ताणलेला. मग तो शिट्टी मारतो आणि पंपाचं बेअरिंग खातो. जास्त वळला तर ढिला. कधीतरी एक दात उडी मारणार आणि सगळं संपलं."

"यासाठी काही मोजायचं यंत्र नसतं?"

"मिळतं. आमच्या हिने एकदा आणलं होतं. मी परत केलं." त्यांनी अंगठा वर करून दाखवला. "हे फुकट आहे."

त्यानंतरचा अर्धा तास काकांचा. ते बुटक्या स्टुलावर बसतात, घड्याळ काढून ठेवतात. चाकांवरच्या खुणा जुळवतात, जुना बेल्ट उतरवतात, पंप बदलतात, नवा बेल्ट चढवतात. या वेळात गिऱ्हाइकाने बोलायचं नसतं. सिस्टर बोलली नाही. तिने हातमोजे काढले आणि ती नुसती बघत राहिली. बघणं तिला चांगलं जमतं. परक्या घरात शिरल्यावर आधी बघायचं, नातेवाइकांसमोर लगेच काही बोलायचं नाही, ही तिच्या कामाची सवय.

तिने पाहिलं, की काकांच्या हातून पुलीचा छोटा बोल्ट पडला. "आज बोल्टांना पाय फुटलेत," ते म्हणाले. काकू टेबलावरून उठल्या, बोल्ट उचलून त्यांच्या हातात दिला आणि परत जाऊन बसल्या. इतक्या लगबगीने, की ही पहिली वेळ नसावी. थोड्या वेळाने बोल्ट पुन्हा पडला. पुन्हा काकू. काका पाना डाव्या हाताने उचलून मग उजव्यात घेत होते. त्यांच्या शर्टाला बटणांच्या जागी टिचबटणं लावलेली होती. वरून साधी बटणं शिवलेली, पण आतून टिच. आणि उजव्या अंगठ्याखाली तळहाताचा जो उंचवटा असतो, तो बसलेला होता. डाव्या हाताचा भरलेला होता.

काकांनी पुली ताणली, बोल्ट आवळला, इंजिन पान्याने हाताने दोनदा पूर्ण फिरवलं. खुणा जुळल्या. मग त्यांनी बेल्ट चिमटीत धरून वळवला.

"झालं. पाव फेरा. या सिस्टर, हाताला ओळख करून द्या."

सिस्टरने वळवला. बेल्ट पाव फेऱ्याला अडला नाही. तो पुढे जात राहिला, अर्ध्या फेऱ्याच्या जवळ जाऊन थांबला.

"काका, हा जास्त वळतोय."

"नवा आहे. सकाळी तुम्ही घाबरत घाबरत धरला होतात."

"मी घाबरले नव्हते."

"तीन तास नट फिरवलेत. बोटांत जोर आलाय."

असंही असू शकत होतं. म्हणून तिने पुन्हा वळवला, हळूच. तेच झालं. सोमवारी सकाळी सातला तिला याच गाडीने पहिल्या घरी पोचायचं होतं. ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. तिला गाड्यांतलं काही कळत नव्हतं आणि काकांनी एकोणीस वर्षं हेच केलं होतं.

"तुम्ही वळवा एकदा," ती म्हणाली. "मी बघते."

काकांनी वळवला. या वेळी ती बेल्टकडे बघत नव्हती, अंगठ्याकडे बघत होती. नखाखाली पांढरं पडलं, पाव फेऱ्याला सगळं थांबलं. बेल्ट थांबला नव्हता. अंगठा थांबला होता.

"हात द्या जरा," ती म्हणाली.

"ग्रीस आहे हाताला."

"मी दिवसभर हातात काय काय घेते ते सांगू का? द्या." तिने दोन्ही हातांची दोन-दोन बोटं पुढे केली. "अंगठा आणि पहिलं बोट. बेल्ट धरता तशीच चिमटी. दोन्हींकडे एकदम दाबा. जोरात."

डावीकडे ती "आई गं" म्हणाली. उजवीकडे काहीच म्हणाली नाही.

"उजव्याने दाबा, काका."

"दाबतोय की."

टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र सुरू झालं आणि बंद पडलं. काकांनी आपला अंगठा पाहिला, जणू तो कुणीतरी दुरुस्तीला आणून टाकला होता.

"थंडीत जरा बधिर होतो," ते म्हणाले. "वयाचं असतं ते."

"थंडी अजून पडायची आहे. रात्री हात झटकून जाग येते का?"

काका पाना पुसू लागले. उत्तर काकूंनी दिलं. "येते."

"काकू, ही टिचबटणं कधी लावलीत?"

"कसली?"

"शर्टाची."

काकूंनी टेबलावरचे कागद उगाचच सारखे केले. "फेब्रुवारीत. ह्यांना सकाळी बटणं लावायला फार वेळ लागायचा. आधी गळ्याजवळचं एक लावलं. मग सगळ्याच शर्टांना लावली."

"मला म्हणालीस, हल्ली अशीच फॅशन आहे," काका म्हणाले.

"आणि तुम्ही ऐकलंत! चाळीस वर्षांत कधी फॅशन केलीत?" काकूंचा आवाज चढला आणि मधेच उतरला. "मला वाटलं, कळलं तर तुमच्या जिवाला लागेल. बटणांनी कुणाचं काय वाईट होणार होतं?"

काय वाईट होणार होतं ते तिघांच्या समोर लोंबत होतं. फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत या अंगठ्याने किती बेल्ट ताणले होते?

काकूंनी वही उघडली नाही. त्यांना तोंडपाठ होतं. "बेकरीवाल्याची व्हॅन. पोस्टातल्या बाईंची लाल गाडी. जुळ्यांच्या बाबांची. चष्मेवाल्याची. आणि आत्ता ऑगस्टमध्ये ती ड्रायव्हिंग स्कूलची." त्या थांबल्या. "पाच."

काका स्टुलावर बसले. मग म्हणाले, "लोक चार तास राबतात इथे. मी अर्ध्या तासाचे पैसे घेतो. त्या अर्ध्या तासात बाकी सगळं खुणा बघून कुणीही करेल. हेच एक," त्यांनी चिमटी हवेत फिरवली, "हेच एक माझं. हे चुकत असेल तर मी कशाचे पैसे घेतो, सिस्टर?"

सिस्टरने समजूत घातली नाही. खोट्या समजुतीचा तिच्या धंद्यात काही उपयोग होत नाही. ती म्हणाली, "मनगटात नस दाबली गेलीये असं वाटतंय. माझं मत आहे, निदान नाही. हाताचे एक चांगले डॉक्टर मंगळवारी बसतात, मी नंबर लावते. बऱ्याचदा छोटं ऑपरेशन असतं. पण नऊ महिने झालेत."

"बघू पुढे."

"बघू काय? गाडी ठरलेल्या किलोमीटरला आणा, तुटायची वाट बघू नका, असं लोकांना सांगता. हा हात किती किलोमीटरला आणणार होतात?"

काकूंना हसू आलं. त्यांनी पदराने तोंड झाकलं, पण काकांनी पाहिलं. मग तेही थोडं हसले, आणि उठले.

आधी ही निळी गाडी नीट करायची होती. त्यांनी डाव्या हाताने बेल्ट धरला. पण डाव्या हाताने हे काम जन्मात केलं नव्हतं. त्याला ताकद होती, अंदाज नव्हता. कितीही ताणला तरी त्याला बेल्ट ढिलाच वाटायचा. याच हिशेबाने ताणला असता तर पंप वर्षभरात गेला असता. काकांनी दोनदा ताणून पाहिला, दोनदा सोडला. तिसऱ्या खेपेला ते शेडच्या मागच्या बाजूला गेले. तिथे त्यांची स्वतःची व्हॅन उभी होती. तिचा बेल्ट त्यांनी अडीच वर्षांपूर्वी बसवला होता, उजवा अंगठा धडधाकट असताना. त्यांनी वरचं झाकण काढलं आणि डावी चिमटी त्या बेल्टवर ठेवली.

वळवला. सोडला. पुन्हा वळवला. निळ्या गाडीकडे आले, तिथे वळवला. परत व्हॅनकडे गेले. असे सात-आठ हेलपाटे झाले. आपल्याच जुन्या कामाकडे शिकवणीला जात असल्यासारखे ते तिकडे जात होते आणि तोंडाने पुटपुटत होते. सिस्टर बाजूला उभी होती. काकू टेबल सोडून जवळ आल्या.

पुली किंचित सरकवली, बोल्ट आवळला, इंजिन दोनदा फिरवलं, खुणा पाहिल्या. डाव्या अंगठ्याला पाव फेरा लागला. सिस्टरने वळवून पाहिला: पाव फेरा. काका काकूंना म्हणाले, "तू पण."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"बघ तर."

काकूंनी हात पुसून व्हॅनचा बेल्ट वळवला, मग हा. "सारखेच आहेत," त्या म्हणाल्या. "हा केसभर कडक असेल. नवा असेल म्हणून."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. केसभराचा फरक त्यांच्या डाव्या अंगठ्याला कळला नव्हता.

सिस्टरने संध्याकाळपर्यंत सगळे बोल्ट परत लावले, कूलंट भरलं आणि गाडी सुरू केली. आवाज स्वच्छ होता. एकूण खर्च तिच्या दहा दिवसांच्या पगाराएवढा आला. काकांना मजुरी घ्यायची नव्हती. तिने अर्ध्या तासाचे पैसे मोजून काकूंच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "चुकलेला अर्धा तास नका लावू. नंतरचा लावा. तो चोख होता."

ती काम करत होती तेव्हाच काकांनी पाचही फोन करून टाकले होते. काकू म्हणाल्या होत्या, मी करते. त्यांनी नको म्हटलं. प्रत्येकाला तेच वाक्य सांगितलं. "मी बसवलेला बेल्ट ढिला असायची शक्यता आहे. आहेच असं धरा. गाडी असेल तिथे उभी ठेवा, सुरू करू नका. उद्या मी येतो. पैसे लागणार नाहीत." चष्मेवाला म्हणाला, "अहो, गाडी मस्त चाललीये!" काका म्हणाले, "ती तुटेपर्यंत मस्तच चालते."

रविवारी सकाळी ते आणि काकू व्हॅनमध्ये जॅक, पाने आणि पुठ्ठे घालून निघाले. ज्या क्रमाने बेल्ट बसवले होते त्याच क्रमाने गेले. बेकरीवाल्याची फेब्रुवारीतली व्हॅन: ताण अचूक. पोस्टातल्या बाईंची, एप्रिलमधली: जरासा कमी, चालण्यासारखा. काकांनी तरीही ताणला. जुळ्यांच्या बाबांची, जूनमधली: पाव फेऱ्याच्या पुढे बोटभर. जुळ्यांपैकी एकीने विचारलं, "आजोबा, आमची गाडी आजारी आहे?" काका म्हणाले, "गाडी नाही, मी." चष्मेवाल्याची, जुलैमधली: आणखी ढिली. पाच गाड्यांत त्यांच्या अंगठ्याचं दुखणं तारखेवार मांडलेलं होतं. कुठल्याही डॉक्टरकडे याहून नीट नोंद झाली नसती.

शेवटची ड्रायव्हिंग स्कूलची. बेल्ट अर्ध्या फेऱ्याच्या पुढे गेला. झाकणाच्या आतल्या बाजूला रबराची काळी भुकटी जमली होती. बेल्ट डोलत झाकणाला घासत होता. काकांनी खुणा तपासल्या. दात सुटला नव्हता. त्यांनी भुकटी बोटावर घेतली.

शिकवणाऱ्या मास्तरांनी विचारलं, "फार ढिला?"

"फार."

"दिवसाला दहा नवशिके या गाडीला झटके देतात, काका. तरी टिकली. नशीब म्हणायचं."

"हो."

"माझं की तुमचं?"

"माझं," काका म्हणाले. "तुमचं इंजिन गेलं असतं. माझं सगळंच गेलं असतं."

मंगळवारी सिस्टर स्वतः त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली, निळ्या गाडीतून, दोन घरांच्या मधल्या वेळात. नसच दाबली गेली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन वीस मिनिटांचं. रात्रीच्या मुंग्या थांबतील. अंगठ्याची ताकद परत येईल, पण किती आणि केव्हा ते सांगता येत नाही. पाच-सहा महिने आधी आला असतात तर जास्त ठामपणे सांगितलं असतं. काकांनी मान डोलावली. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर लोकांना ऐकवलं होतं.

ऑपरेशननंतर शेडला तीन आठवडे कुलूप होतं, असं लोकांना वाटलं. खरं तर रोज सकाळी काकू जाऊन कुलूप उघडत, व्हॅनचं झाकण काढत आणि बेल्ट पिळत. काका हात गळ्यात बांधून बाजूला उभे. ते पुली थोडी ढिली करायला लावायचे, थोडी ताणायला लावायचे, आणि काकूंना डोळे मिटून सांगायला लावायचे. पहिल्या आठवड्यात काकू दहातून चारदा चुकल्या. तिसऱ्या आठवड्यात एकदा. काका म्हणाले, "मला हे यायला दोन वर्षं लागली होती." काकू म्हणाल्या, "तुम्हाला शिकवायला तुम्ही नव्हतात ना."

ऑपरेशननंतरचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे फुलांच्या दुकानातली एक बाई, डिलिव्हरीच्या टेम्पोची मालकीण. ती तीन तास राबली, कपाळावर ग्रीस घेऊन बाजूला उभी राहिली. काकांनी तिला सकाळी सांगितलं होतं, आता पुन्हा सांगितलं: हाताचं ऑपरेशन झालंय, ताण मी बघणार नाही, ही बघेल, पटत नसेल तर दुसरीकडे जा. ती म्हणाली, "तीन तास घाम गाळल्यावर आता कुठे जाऊ?"

स्टुलावर काकू बसल्या. काका वाकून उभे राहिले, डाव्या हातात पाना, उजव्या मनगटावर अजून पट्टा. त्यांनी पुली सरकवली. काकूंनी बेल्ट चिमटीत धरला.

"आला का पाव फेरा?" काकांनी विचारलं.

"थांबा."

"अडतोय का तिथे?"

"थांबा म्हटलं ना. मला कळू दे."

या शेडमध्ये काकांना कुणी थांबा म्हटलेलं नव्हतं. ते थांबले. काकूंनी बेल्ट सोडला, पुन्हा धरला, मान एका बाजूला कलती केली.

"अजून थोडा," त्या म्हणाल्या.

काकांनी थोडा ताणला.